शेकायला आलेले मदतनीस

थंडी पडली की आमच्या घरातल्या माणसांना स्वयंपाकाची आवड निर्माण होते. दिवाळी सरल्यावर एखाद्या पहाटे या आवडीला कोंब फुटतो, पौषात ती बहरते आणि महाशिवरात्रीच्या सुमारास कुणाच्या लक्षातही न येता सुकून जाते. एरवी फ्रिजसमोर उभं राहून "थंड पाणी संपलं का?" असं विचारणारा माणूस या दिवसांत आपणहून म्हणतो, "अगं, तू भाकऱ्या थाप, मी तव्याकडे बघतो." आणि तव्याकडे तो खरोखरच बघतो. दोन्ही तळहात तव्याच्या दिशेने पसरून एकटक बघतो. भाकरी उलटायची वेळ झाली, हे मात्र त्याला सांगावं लागतं.

माझं माहेर दौंडचं, सासर शिरूरचं. एक गाव भीमेकाठी, दुसरं घोडनदीच्या काठी. घोडनदी पुढे भीमेलाच मिळते, त्यामुळे या सोयरिकीत नवीन काही नाही. फक्त मी प्रवाहाच्या उलट दिशेने आले. दोन्ही तालुके पुणे जिल्ह्यातले, पण वर्तमानपत्रं दरवर्षी ज्या गुलाबी थंडीचं कौतुक छापतात, ती आमच्यापर्यंत पोचेतो तिचा रंग उडालेला असतो. आमच्याकडे उघडे माळ, कोरडी हवा आणि निरभ्र आकाश. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब आकाशाला देऊन मोकळी होते. डिसेंबर-जानेवारीत जिल्ह्याच्या तापमानाच्या यादीत शिरूर आणि तळेगाव ढमढेरे ही नावं तळाच्या आकड्यांपाशी दिसायला लागतात. कधी कधी तो आकडा एकअंकीच असतो. त्या दिवशी पुण्यात शिवाजीनगरचा पारा किती होता, हे आम्ही आवर्जून बघतो आणि तो आपल्यापेक्षा वर असला की समाधान पावतो. पाऊस कमी, पाणी कमी; निदान थंडीत तरी आपण पुण्याच्या पुढे.

या थंडीत घरातली पहिली शाल निघते ती दह्यासाठी. विरजण लावलेलं पातेलं उन्हाळ्यात ओट्यावर कुठेही पडलेलं असतं, सकाळी दही तयार. हिवाळ्यात त्याचे लाड सुरू होतात. दूध जरा जास्त कोमट हवं, विरजण जरा जास्त हवं, मग पातेलं शालीत गुंडाळून पिठाच्या डब्यात. सासूबाई रात्री दिवे मालवताना आधी दह्याची चौकशी करतात, मग नातवंडांची. आंबोळीच्या पिठाचीही हीच तऱ्हा. ते रात्रभर आहे तिथेच राहतं, एक बोटही वर चढत नाही. मग त्याला गरम पाण्याच्या परातीत बसवायचं. घरात कुणी शिंकलं तर "काढा घे" एवढ्यावर भागतं. पीठ फुगलं नाही तर घरभर चर्चा होते.

त्यात आता लेकीच्या पावाची भर पडली आहे. तिने छोटी भट्टी घेतली आहे, विजेवर चालणारी, आणि थंडीच्या सुट्टीत ती घरी आली की मैदा, यीस्ट, लोणी यांचा संसार मांडते. यीस्ट हा मोठा सुखवस्तू जीव आहे. त्याला हवा पंचवीस-तीस अंशांची लागते आणि आमच्या स्वयंपाकघरात सकाळी त्याच्या निम्मीसुद्धा नसते. पुस्तकात लिहिलेलं असतं, 'तासाभरात गोळा दुप्पट होईल.' आमचा गोळा तासाभराने तिथेच, तेवढाच, अंग चोरून बसलेला. शेवटी सासूबाईंनी तो परातीसकट उचलून चुलीपाशी, पाणी तापवायच्या बंबाशेजारी नेऊन ठेवला आणि त्यावर त्यांची जुनी सुती साडी घडी करून टाकली. दुपारी गोळा साडीला वर ढकलत होता. "काय करायचं बाई, विलायती असलं तरी लेकरूच ते," एवढंच त्या म्हणाल्या.

विजेवरच्या भट्टीला आणखी एक अडचण असते, ती म्हणजे वीज. आमच्याकडे शेतीच्या विजेचं वेळापत्रक आठवड्याआड रात्रीवर जातं. गव्हाला, कांद्याला पाणी द्यायला माणसं ऐन थंडीत मध्यरात्री बांधावर उभी असतात, वरून बिबट्याची धास्ती. घरातल्या विजेचाही भरवसा नसतो; ती गेली तर केक अर्ध्यावर राहतो. कडेने शिजलेला, मध्ये अजून विचार करत असलेला. अशा वेळी सासूबाई पातेल्यात मिठाचा थर पसरतात, त्यावर रिंगण, रिंगणावर केकचं भांडं, वर ताटली, आणि गॅस बारीक. मिठाऐवजी वाळूही चालते. आमच्या पिढीतल्या बहुतेकींचा पहिला केक असाच, शिट्टी आणि रबर काढून ठेवलेल्या कुकरमध्ये झालेला आहे. त्याआधीच्या पिढीने तर खाली निखारे, वर झाकणावर निखारे असे ठेवून रव्याचा केक केला. त्याला सजावट नसायची. वरचं झाकण काढताना जी राख पडेल तीच.

आमच्या भागात दिवाळीच्या आधी आणि नाताळच्या सुमारास बेकरीत डबे घेऊन जायची पद्धत होती, अजूनही थोडीफार आहे. मैदा, रवा, साखर, तूप आपलं. भट्टी आणि हात बेकरीवाल्याचे. नानकटाई, बिस्किटं, खारी करून मिळायची. दौंड हे रेल्वेचं जंक्शन. मनमाडचा फाटा १८७८ मध्ये सुरू झाला आणि तेव्हापासून गावात नाना प्रांतांची माणसं येऊन राहिली. रेल्वेच्या वसाहतीतल्या ख्रिस्ती घरांतून नाताळात फराळाचं ताट यायचं आणि संक्रांतीला आमच्याकडून तिळगूळ जायचा. बेकरीच्या रांगेत मात्र धर्म, जात, हुद्दा काही नसे. भट्टीच्या तोंडापाशी जागा मिळाली की माणूस कृतार्थ. ज्यांची नानकटाई केव्हाच तयार झाली होती तेही गृहस्थ "जरा गार होऊ द्या, घाई नाही" म्हणत तिथेच उभे राहत. गार होऊ द्यायचं होतं ते बिस्किटांना. स्वतः ते भट्टीला पाठ लावून होते.

भाजण्याची ही कला आपल्याकडे काही बेकरीसोबत आली नाही. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा लागतो. जेजुरी माझ्या माहेरच्या शेजारच्याच तालुक्यात, त्यामुळे या भागात घरोघर तळी उचलली जाते. ज्या घरांत चातुर्मास पाळतात तिथे कांदा, लसूण, वांगं चार महिने बंद असतं आणि या दिवशी ते सगळं एकदम नैवेद्याच्या ताटात परततं. देवाची भक्ती खरीच, पण चार महिन्यांनी भेटणाऱ्या भरताची ओढही तेवढीच खरी. वांग्याला तेलाचा हात लावून ते निखाऱ्यात खुपसायचं. साल काळी पडून सुटायला लागली, देठापाशी रस फसफसून बाहेर आला की वांगं झालं. गॅसवर जाळी ठेवूनही वांगं भाजतं, पण त्याला धुराचा वास लागत नाही. आणि धुराशिवाय भरीत म्हणजे नुसती वांग्याची भाजी. रोडगाही असाच, जाडसर, निखाऱ्यांच्या कडेने हळूहळू भाजलेला. लेकीने एकदा त्याचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला, तेव्हा त्या तिला म्हणाल्या की हा तर महागड्या हॉटेलात मिळणारा पाव दिसतोय. सासूबाईंना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग तिथे भरीत देतात का सोबत?"

पण आमच्या हिवाळ्याची खरी मालकीण बाजरी. खरिपाची बाजरी दसरा-दिवाळीच्या आसपास घरात येते आणि थंडीभर रोज तव्यावर असते. बाजरी उष्ण, म्हणून उन्हाळ्यात तिला कुणी विचारत नाही, तेव्हा ज्वारी. बाजरीचं पीठ महिनाभराचं दळून ठेवता येत नाही. तिच्यात तेलाचा अंश जास्त, पीठ लवकर कडवट होतं, म्हणून चार-आठ दिवसांचंच दळण गिरणीत जातं. गव्हाच्या कणकेला असतो तो चिकटपणा या पिठाला नाही. चिकटपणा आणायचा तो गरम पाण्याने आणि मनगटाने. परातीत एका भाकरीपुरतं पीठ घ्यायचं, आधणाचं पाणी घालायचं आणि तळव्याच्या मागच्या भागाने रगडत राहायचं. पीठ पहिल्यांदा फुटतं, मग मऊ होतं, मग तकाकी धरतं. गोळ्याला कोरडं पीठ लावून थापताना उजव्या हाताची बोटं ताल धरतात आणि भाकरी स्वतःभोवती फिरत मोठी होत जाते. वरून तीळ पेरायचे. पिठाची बाजू वर ठेवून ती तव्यावर टाकायची, लगेच ओल्या हाताने पाणी फिरवायचं. पाणी सुकायच्या बेतात असताना उलटायची. आणि दुसरी बाजू झाली की तवा उतरवून ती आरासमोर तिरकी उभी करायची. मग पापुद्रा सुटतो, भाकरी एका कडेने फुगायला लागते आणि फुगा पार दुसऱ्या कडेपर्यंत जातो.

हे सगळं होत असताना आरासमोर कोण बसलेलं असतं? सगळे. पाट टाकून ओळीने. धाकटे दीर रांजणगावच्या कारखान्यात पाळीवर जातात, ते गणवेशावर ब्लँकेट घेऊन. पोरं गुडघ्यात डोकं घालून. आमचे हे वर्तमानपत्र घेऊन, कारण मदतीला आलेल्या माणसाच्या हातात काहीतरी असावं लागतं. फुगलेली भाकरी थेट ताटात पडते, तिच्या पोटात बोट घालून लोण्याचा गोळा आत सोडायचा आणि वर लसणीची नाहीतर कारळ्याची चटणी. उन्हाळ्यात हीच माणसं पंख्याखाली बसून "जेवायला इकडेच आण" म्हणतात. हिवाळ्यात आणण्यानेण्याचा प्रश्नच नाही. जेवणारा स्वतः चुलीपर्यंत चालत येतो.

रात्रीच्या जेवणाला शेंगोळे असले तर ही बैठक आणखी लांबते. हुलग्याचं पीठ, ठेचलेला लसूण, जिरं, तिखट, मीठ, कोथिंबीर असं घट्ट मळायचं. तेलाचा हात लावून दोन तळव्यांत त्याची सुरळी करायची आणि टोकं जोडून कडं करायचं. लसणाच्या फोडणीत पाणी उकळत असतं, त्यात एकेक कडं सोडायचं, म्हणजे ती एकमेकांना चिकटत नाहीत. थोडं पीठ त्या पाण्यातच विरतं आणि रस्सा आपोआप दाट होतो. अर्ध्या तासाने झाकण काढलं की हुलग्याचा आणि लसणाचा असा वास सुटतो की नाक चोंदलेलं आहे की नाही याची वेगळी तपासणी करावी लागत नाही. शेंगोळे वळायला खूप हात लागतात आणि थंडीत ते असतात. पोरं कड्यांऐवजी साप, इंग्रजी अक्षरं, मोटारींची चाकं करतात. शिजल्यावर सगळं सारखंच लागतं.

हुलगा हे गरिबाचं, घोड्याचं धान्य म्हणून पाहुण्यांपुढे ठेवायला काही जण संकोचतात. त्यांनी आमच्या शिरूर तालुक्यातल्या इनामगावचा दाखला द्यावा. घोडनदीच्या काठी या गावाजवळ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे सुमारे पंधरा वर्षं उत्खनन केलं. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी या संशोधकांनी इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं अख्खं गाव मातीखालून वर काढलं. शंभरावर घरं, धान्य साठवायच्या कणग्या, दळायचे दगड, घराघरात अग्नीची जागा. जळून कोळसा झालेल्या दाण्यांत जव मुख्य, सोबत गहू, मसूर आणि आपला हुलगाही. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी याच नदीकाठी, याच थंडीत कुणीतरी हुलगा शिजवत होतं आणि बाकीचे त्या विस्तवाभोवती बसले होते. ते शेंगोळे करत होते की नाही, हे दाण्यांवरून कळत नाही. पण हातात काहीतरी धरून मदतीचा आव आणणारा एकजण तिथेही असणार, याबद्दल माझी खात्री आहे. त्याचा पुरावा मातीत टिकत नाही, एवढंच.

चुलीपाशी अजिबात न येता शिरूरकरांच्या घरचं जेवलेला माणूस एकच, आणि तो इंग्रज होता. शिरूर ही पेशवाईच्या अखेरीस इंग्रजांची छावणी होती. इथला कर्नल वॉलेस १८०९ मध्ये वारला. त्याची कबर इथेच आहे. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये नोंद आहे की आसपासच्या गावांतले लोक या कर्नलला 'सत्पुरुष' मानून भजत आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या कबरीपाशी आणत. ज्या साहेबाला हयातीत बाजरीची भाकरी पुढे आली असती तर काट्याचमच्याने खायची कशी हा प्रश्न पडला असता, त्याला मेल्यावर वर्षानुवर्षं नव्या धान्याचा पहिला घास मिळत होता. आमच्या लोकांचं हे असं आहे. नवं धान्य घरात आलं की पहिला वाटा कुणाला तरी दिल्याशिवाय त्यांच्या घशाखाली उतरत नाही. मग तो देव असो, गाय असो, नाहीतर परमुलखातला कर्नल.

आता पुरुषांच्या स्वयंपाकाविषयी. वर्षातले अकरा महिने ज्यांना मीठ कुठल्या डब्यात आहे हे ठाऊक नसतं, ते हुरड्याच्या दिवसांत एकदम बल्लवाचार्य होतात. रब्बीची ज्वारी दाणा भरून, अजून दुधाळ, हिरवी असते तेव्हाच हुरडा. हा काळ आठ-दहा दिवसांचा. पुढे दाणा टणक होतो. शेतात खळगा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, आर पडला की कणसं त्यात खोचायची आणि भाजलेलं कणीस गरम असतानाच तळव्यावर चोळायचं. यात कौशल्य आहे, नाही म्हणत नाही. पण त्यावरची भाषणं कौशल्याच्या मानाने फार होतात. गुळभेंडी चांगली की सुरती, कणीस देठाकडून धरायचं की शेंड्याकडून, चुलत्यांच्या काळात आर कसा पडायचा. दरम्यान शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, रेवड्या, बोरं, खाली अंथरायचं पोतं आणि पाण्याचा हंडा हे सगळं आपोआप शेतात पोचलेलं असतं. ते कुणी पोचवलं, हा प्रश्न आगटीभोवती कधीच निघत नाही.

हल्ली शिरूर तालुक्यातल्या मोराच्या चिंचोलीला मोर बघायला आणि हुरडा खायला शहरातून गाड्या येतात. माणशी दर ठरलेला असतो आणि त्यात बैलगाडीची चक्करही मिळते. मला याचं कौतुक वाटतं. धुराने डोळे चुरचुरतात, हात काळे होतात, तरी माणसं आगटीपासून हलत नाहीत. घरी गॅस आहे, हीटर आहे, आणि शेकायला मात्र पैसे भरून इथे येतात. बिबट्यामुळे या मैफली आता दिवसाउजेडीच आटोपतात. पूर्वी त्या चांदण्यात चालत.

माहेरच्या दौंडकडे ही आगटी मोठी झाली की तिचं गुऱ्हाळ होतं. खडकवासल्याचा कालवा आणि भीमेचं पाणी यामुळे दौंड तालुका उसाचा. केडगाव, यवत, खुटबाव या पट्ट्यात रस्त्याने जाताना वास आधी येतो, गुऱ्हाळ मागून दिसतं. वाळलेली चिपाडं चुलवाणात जात राहतात, वर काहिलीत रस उकळतो. भेंडीच्या झाडाची खोडं ठेचून काढलेलं बुळबुळीत पाणी त्यात घातलं की मळी वर येते, ती झाऱ्याने काढायची. रस दाट होतो, रंग बदलतो, बुडबुडे मोठे होतात. मग गुळव्या थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटांनी चाचपतो. गोळी जमली की काहील उतरली. या एका क्षणावर सगळ्या ढेपेचं नशीब. त्याच्या आधीची पातळ, मधासारखी काकवी आम्ही डब्यात मागून आणायचो. बाजरीच्या भाकरीबरोबर ती असली की भाजीची आठवण होत नसे. आता यातली कितीतरी गुऱ्हाळं बारमाही चालतात, कामाला माणसं थेट उत्तर प्रदेशातून येतात, पण थंडीत चुलवाणाभोवती जमणारी गर्दी गावचीच असते.

गुळव्याचं बोट आणि माझं बोट यांत मला फरक दिसत नाही. संक्रांतीला चिक्कीच्या गुळाचा पाक करताना मीही वाटीत गार पाणी घेते, थेंब टाकते, गोळी बघते. पाक क्षणभर पुढे गेला तर लाडू फोडायला खलबत्ता लागतो, मागे राहिला तर वडी पडतच नाही. गुळव्याला याची मजुरी मिळते आणि गुऱ्हाळावर त्याच्याशी अदबीने बोलतात. घरात एवढंच ऐकू येतं, "यंदा वडी जरा कडकच झाली, नाही?" आणि एक निरीक्षण. तिळाचे लाडू मिश्रण चटके देत असतानाच वळावे लागतात. थंडीत ते पाहता पाहता आवळतं. या कामाला मात्र मदतनीस मिळत नाहीत. ऊब सगळ्यांना हवी असते, चटका कुणालाच नको.

त्याआधी एक दिवस भोगी. 'न खाई भोगी तो सदा रोगी' या धाकाने घरातल्या सगळ्यांना वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, घेवडा, शेंगदाणे, बोरं, उसाचे करवे हे एकाच कढईत खावं लागतं. तिळाच्या कुटाने ती भाजी दाट होते आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. त्या महिन्यात रानात जे आहे ते सगळं त्या भाजीत आहे. निवडायला सकाळ जाते. पावटे, हरभरे सोलायला चुलीभोवतीची मंडळी आनंदाने बसतात, कारण ते काम बसल्याजागी होतं आणि सोललेल्यातले हरभऱ्याचे निम्मे दाणे तोंडात जातात.

माझ्या या रोजच्या भाकऱ्यांचं मी फार कौतुक करत नाही, कारण माहेरच्या वाटेवर केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंनी तिथे मुक्ती सदन उभारलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून, पुढे गुजरातेतून आणलेल्या मुली-बायकांनी ते भरून गेलं. १९०० च्या सुमारास तिथे दीड हजारांच्या आसपास जणी होत्या. एवढ्या जणींचं दोन्ही वेळचं जेवण, तेही दुष्काळात. ते विस्तव कसे पेटत असतील, किती पराती लागत असतील, याचा हिशोब करायला गेले की माझी भाकऱ्यांची चळत एकदम ठेंगणी होते.

चळत ठेंगणी असली तरी ती रोजची असते आणि पहाटेची असते. दौंडहून पुण्याला नोकरीला जाणाऱ्यांची गाडी अंधारात सुटते. शिरूरहून कारखान्यांच्या बस अंधारातच निघतात. त्यांच्या डब्यातली भाकरी कुणीतरी त्याआधी तासभर उठून थापलेली असते. त्या वेळी चुलीसमोर पाट टाकून कुणी बसलेलं नसतं. घराला अजून थंडी वाजत असते, म्हणून सगळे पांघरुणात असतात. मदतनिसांची पाळी उजाडल्यावर सुरू होते. आणि रात्रीच्या त्या रंगलेल्या बैठकीतही, गरम भाकरी प्रत्येकाच्या ताटात थेट आरावरून पडते. थापणारीच्या वाट्याला शेवटची येते, ती पडेपर्यंत विस्तव मंदावलेला आणि पाट रिकामे.

मी तक्रार करत नाही. हिवाळ्यात आमचं स्वयंपाकघर घरातली सगळ्यात गजबजलेली जागा असते आणि ते मला आवडतं. पोरांनी दिवसभरात काय केलं, दिरांच्या कारखान्यात काय चाललंय, कांद्याला भाव काय निघाला, हे सगळं मला थंडीतच कळतं. उन्हाळ्यात मी ओट्याशी आणि बातम्या बाहेर. शेकायला आलेला का होईना, माणूस आला हे महत्त्वाचं. बसल्या बसल्या त्याच्या हातून चार पावटे सोलले जातात, दोन शेंगोळे वळले जातात, आणि एखाद्या वर्षी तो भाकरी वेळेवर उलटायलाही शिकतो. यंदा आमच्या ह्यांनी दोन वेळा न सांगता उलटली, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते.

मात्र थंडीतल्या आवडीवरून कुणाची परीक्षा करू नये. डिसेंबरात तव्यापाशी उभं राहणं हे प्रेम असेलही, पण त्यात ऊब मिसळलेली असते. खरी परीक्षा मेच्या दुपारी, पारा चाळिशीपार गेलेला असताना, पंखा बंद ठेवून गॅससमोर ज्वारीच्या भाकऱ्या थापायच्या असतात तेव्हा. तेव्हा घरी कुणी भाकऱ्या करत असेल तर पंख्याखालून उठा, दोन भाकऱ्या भाजून द्या, आणि तिला पहिल्या भाकरीला जेवायला बसवा. हिवाळ्यात तर या काय, बोलवावं लागत नाहीच.